न उच्चारलेले वाक्य

दिवसाचा पहिला शब्द शुभ असावा ह्याविषयी आपल्या घरांतून केवढा कटाक्ष असे, हे जुन्या वाचकांस सांगावयास नको. उठताच करदर्शन, भूमीला नमस्कार, मग अंगणात सडा. तोपर्यंत कोणी भांडण उकरून काढले, की आजी ओठांवर बोट ठेवून त्यास गप्प करी. वाईट वार्ता दडवावी असा मात्र त्यातील हेतू नव्हता. कोणी गेल्याची वार्ता आली तर ती पहाटेही सांगितली जाई. पण सांगणारा ओटीवर येऊन, खाली बसून, आवाज उतरवून सांगे. कोण गेले, केव्हा गेले, निरोप कोणी दिला, हे क्रमाने येई. ‘तुला हे कोणी सांगितले?’ असे निरोप्यास विचारण्याचा अधिकार घरातील वडील माणसाला होता, आणि निरोप्यासही त्या प्रश्नाचा राग येत नसे.

पुढे ह्या निरोप्याची जागा आकाशवाणीने घेतली. चुलीवर चहाचे आधण असे, माजघरात रेडिओ, आणि निवेदक एकेक बातमी अशा सावकाशीने वाची की लिहून घेणाऱ्याने लिहून घ्यावी. दूरचित्रवाणी आपल्या देशात १९५९ साली दिल्लीस सुरू झाली व १९७२ साली मुंबईस आली. परंतु बरीच वर्षे ती संध्याकाळचीच पाहुणी होती. दूरदर्शनचे सकाळचे कार्यक्रम १९८७ साली सुरू झाले. त्यानंतर खाजगी वाहिन्या आल्या आणि चोवीस तासांच्या बातम्या आल्या. त्यांनी सकाळ आणली असे म्हणण्यापेक्षा सकाळ नाहीशी केली असे म्हणणे अधिक बरोबर होईल. रात्री जे चालू असते तेच पहाटे पुढे चालू राहते. निवेदकाचा चेहरा तेवढा ताजा असतो. वर्तमानपत्राच्या कचेरीत छपाई सुरू होण्यापूर्वी एक क्षण असा येतो की, कोणीतरी अनुभवी माणूस खिळलेल्या नजरेने पान पाहतो आणि ‘हे कोठून आले?’ असे विचारतो. चोवीस तासांच्या वाहिनीला असा थांबण्याचा क्षणच नाही. आम्हांला तिच्या साऱ्या दोषांचे मूळ येथे दिसते.

हे सारे आज लिहिण्यास कारण झाले ते ९ मे २०२५ च्या सकाळी.

अंत्रुज महालातील आमच्या देवळाच्या अग्रशाळेत कचेरीशेजारच्या खोलीत एक दूरचित्रवाणी संच आहे. बाहेरगावच्या यात्रेकरूंच्या सोयीसाठी तो बसविलेला आहे, आणि सकाळी चहाच्या वेळी तेथे आठ-दहा माणसे जमतात. त्या दिवशी शुक्रवार होता. देवीच्या कुंकुमार्चनासाठी आलेली मंडळी नेहमीहून अधिक होती. पडद्यावर तांबड्या पट्ट्या धावत होत्या. आदल्या रात्री आपल्या नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केले, असे कित्येक वाहिन्यांनी सांगितले होते, आणि सकाळीही त्या वृत्ताचे तुकडे कोठे ना कोठे फिरत होते. खोलीत कोणी टाळी वाजवली, कोणी जयघोष केला. दाराशी मात्र एक माई ओटीचे ताट हातात धरून नुसत्याच उभ्या होत्या. त्यांचा मुलगा परदेशी कंपनीच्या मालवाहू जहाजावर कामाला आहे. त्याचे जहाज आखातातून निघाले आहे एवढेच त्यांना ठाऊक होते, आणि चार दिवस फोन नव्हता. त्यांनी हळूच विचारले, “भाऊ, हें कराची आमच्या भुरग्याचे वाटेर पडटा?”

आम्ही नकाशा काढून दाखविला, धीर दिला. पण खरे सांगावयाचे तर जहाजाची वाट त्यांना ठाऊक नव्हती, आम्हांसही नव्हती. आणि कराचीला काय झाले हे तर त्या खोलीत कोणासच ठाऊक नव्हते. कुंकुमार्चन आटोपून त्या घरी गेल्या. तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. तो मस्कतजवळ सुखरूप होता आणि आईला एवढे घाबरण्यासारखे काय झाले हे त्याला कळेना.

काय घडले होते आणि काय नव्हते, हे आता कोणासही पडताळून पाहता येते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराध माणसांची हत्या झाली. ७ मे रोजी मध्यरात्र उलटल्यावर आपल्या सैन्याने नऊ ठिकाणच्या दहशतवादी तळांवर प्रहार केला, आणि सकाळी परराष्ट्र सचिवांनी दोन महिला सेनाधिकाऱ्यांसह देशापुढे येऊन त्याचे मोजके, शांत निवेदन केले. त्या निवेदनात एक शब्दही चढ्या स्वरात नव्हता. ८ मेच्या रात्री सीमेवर ड्रोन आले, गावोगावी दिवे मालवले गेले. आणि त्याच अंधारात आपल्या कित्येक वाहिन्यांनी कराची बंदर पाडले, इस्लामाबाद काबीज केले आणि पाकिस्तानच्या सेनापतीस बंदिवासातही टाकले. ह्यांपैकी काहीच झाले नव्हते. ११ मे रोजी नौदलाच्या वतीने व्हाइस ॲडमिरल प्रमोद यांनी सांगितले की, कराचीसह निवडक लक्ष्यांवर घाव घालण्याच्या पूर्ण तयारीने आपले नौदल अरबी समुद्रात उभे होते. तयारीत उभे होते, घाव घातला नव्हता. संयम हा ज्या नौदलाचा त्या आठवड्यातील पराक्रम होता, त्याचा तो पराक्रम ह्या वाहिन्यांनी एका रात्रीत पुसून टाकला. सैन्याच्या गौरवासाठी म्हणून हे केले, हा त्यातील आणखी एक चमत्कार.

युद्धाच्या रात्री गोंधळ होतो हे आम्ही समजू शकतो. अंधारात ऐकलेले चुकीचे निघते, आणि शेजारचा ओरडला म्हणून आपणही ओरडावे असे कोणासही वाटते. आमचा आक्षेप रात्रीवर कमी आणि सकाळवर अधिक आहे. ९ मेच्या सकाळी, उजाडल्यावर, निवेदकाने समोर बसून ‘रात्री आम्ही सांगितले ते खरे नव्हते’ हे एक वाक्य म्हणावयास हवे होते. आम्ही त्या दिवशी दुपारपर्यंत अग्रशाळेत होतो. कराचीची पट्टी केव्हा आणि कशी नाहीशी झाली हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. तिच्या जागी दुसरी पट्टी आली. दारात उभ्या असलेल्या माईंसाठी मात्र कराची तिसऱ्या दिवसापर्यंत जळतच होते, कारण ते विझल्याचे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

कीर्तनात अश्वत्थाम्याचे आख्यान ऐकले नाही असा आपल्यात कोणी नसेल. द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवावे म्हणून अश्वत्थामा मारला गेल्याची आवई उठली, आणि आचार्यांनी खरेखोटे विचारण्यासाठी साऱ्या रणांगणात एकट्या धर्मराजाला निवडले. धर्मराजाने वाक्याचा पूर्वार्ध मोठ्याने म्हटला. हत्तीचा उल्लेख असलेला उत्तरार्ध हळू आवाजात. कीर्तनकार येथे थोडे थांबतात, आणि नेमक्या त्या क्षणी श्रीकृष्णाने शंख फुंकल्याचे सांगून टाळ-मृदंगाला खूण करतात. पुढे ते हेही सांगतात की, तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या घटकेस खाली टेकला. लहानपणी आम्हांला ह्या कथेत द्रोणाचार्यांची कीव येई. आता त्या शंखाकडे अधिक लक्ष जाते. त्या मे महिन्यात वाहिन्यांच्या कार्यक्रमांतून हवाई हल्ल्याचे भोंगे इतके वाजू लागले की, १० मे रोजी नागरी संरक्षण विभागाला ‘हे भोंगे कार्यक्रमांत वाजवू नका’ असे लेखी कळवावे लागले. कारण खरा भोंगा वाजेल त्या दिवशी लोक तो कार्यक्रमातलाच समजून घरात बसतील. पंजाबातील किंवा जम्मूतील एखादी आई पडद्यावरचा भोंगा ऐकून लेकरांस घेऊन जिन्याखाली धावली असेल, ह्याचा विचार त्या ध्वनियोजकास शिवला असेल का? ठाऊक नाही, विचार न शिवण्याचीच ती नोकरी असावी असे कधी कधी वाटते.

कराची हे निदान दगडामातीचे बंदर. त्याला खोट्या बातमीने जखम होत नाही. माणसाचे तसे नाही. ७ मे रोजी पुंछमध्ये पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात जे नागरिक बळी पडले त्यांत एक शिक्षक होते. आपल्याच देशाचा, शत्रूच्या तोफगोळ्याने मेलेला एक अध्यापक. काही वाहिन्यांनी त्यांचे चित्र दाखवून ‘दहशतवादी ठार’ असे सांगितले. त्यांचा धर्म आपल्याहून वेगळा होता, आणि चित्रातील दाढीटोपीपलीकडे कोणी काही पाहिले नसावे. पुंछ पोलिसांनी लगोलग पत्रक काढून हे धादांत असत्य असल्याचे सांगितले. घरात प्रेत, दारात शोक, आणि पडद्यावर मृताची अशी ओळख: त्या कुटुंबाने ते दिवस कसे काढले असतील ह्याची कल्पना करण्यास त्यांच्या धर्माचे असावे लागत नाही. जून महिन्याच्या अखेरीस पुंछच्या न्यायालयाने ह्या प्रकरणी गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला.

वाचकांपैकी काहींना २००७ साल आठवेल. दिल्लीतील एका शिक्षिकेवर छुप्या चित्रीकरणाच्या आधारे एका वाहिनीने भयंकर आरोप केला. जमाव शाळेवर चालून गेला, तिला मारहाण झाली, नोकरी गेली. पुढे ते सारे प्रकरणच रचलेले निघाले, आणि त्या वाहिनीचे प्रक्षेपण एक महिना बंद करण्यात आले. शिक्षिकेच्या वाट्याला काय आले ते महिन्यांत मोजण्यासारखे नव्हते. आणि २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला तेव्हा हॉटेलांबाहेरच्या हालचाली वाहिन्यांनी थेट दाखविल्या. २०१२ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल अत्यंत कठोर शब्द वापरले. त्यानंतर अशा कारवायांचे थेट प्रक्षेपण करू नये असा नियम झाला. तरीही सरकारला २०२५ च्या एप्रिलात आणि पुन्हा मेमध्ये तीच सूचना द्यावी लागली, ह्यावरून नियम किती पाळला जातो ते दिसते.

मराठी पत्रकारितेचा अभिमान आपण वर्षातून एकदा, दर्पणकारांच्या नावाने, साजरा करतो. त्या अभिमानाच्या कथेत एक प्रकरण असे आहे की ते अभिनंदनाच्या सभांतून सहसा निघत नाही. ‘केसरी’ १८८१ च्या जानेवारीत निघाला. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा दिवाण माधवराव बर्वे यांच्याकडून छळ होतो असा बोभाटा त्या वेळी होता, आणि त्यास आधार म्हणून काही पत्रे ‘केसरी’ व ‘मराठा’ यांच्या हाती आली. टिळक-आगरकरांनी ती छापली. हेतू शुद्ध होता, तळमळ खरी होती, लोकमत पाठीशी होते. पत्रे मात्र बनावट निघाली. बर्व्यांनी फिर्याद केली. पत्रे बनावट असल्याचे दिसून आल्यावर ह्या दोघांनी बर्व्यांची क्षमा मागितली, आणि तरीही १८८२ च्या जुलैत चार महिन्यांची शिक्षा घेऊन डोंगरीच्या तुरुंगात गेले. १०१ दिवसांनी सुटले तेव्हा लोकांनी त्यांची मिरवणूक काढली. दोघेही सव्वीस वर्षांचे होते. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तक लिहिले.

आम्हांला ह्या कथेतील मिरवणूक फार महत्त्वाची वाटत नाही. महत्त्वाचे हे की, ‘आमचा हेतू चांगला होता’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्या माणसाची बदनामी झाली त्याच्याकडे तोंड करून ते बोलले. आणि ‘केसरी’चा वाचक त्यामुळे कमी झाला नाही; उलट ह्या माणसांचे छापील वाक्य म्हणजे काय, हे त्याला त्या प्रकरणाने कळले.

येथे कोणी म्हणेल, युद्धात शत्रू खोटे बोलतो, मग आपणच का सत्याचे सोवळे नेसावे? पाकिस्तानी माध्यमांनी त्या आठवड्यात जे पसरविले ते काही कमी खोटे नव्हते, हे मान्य. परंतु गोमंतकातील वाचकांना तरी ह्या युक्तिवादाचे उत्तर बाहेर शोधावे लागू नये. सालाझारच्या राजवटीत येथे छापील प्रत्येक ओळ सरकारी तपासनिसाच्या पेन्सिलीखालून जात होती. अशा वेळी १९५५ च्या नोव्हेंबरात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेवरच्या रानात राहून गुप्त नभोवाणी चालविली, ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ ह्या नावाने, आणि ती १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत चालली. दोघांपाशी सैन्य नव्हते, धन नव्हते. दारे लावून, आवाज बारीक करून, पकडले जाण्याचा धोका पत्करून जो ऐकत होता त्याचा विश्वास, एवढेच भांडवल. असा श्रोता उगाच थरार हवा म्हणून कान लावीत नाही. दुसरीकडे कोठे मिळत नाही ते कळावे म्हणून लावतो. लिबियाबाईंना २०२५ साली, शंभरी गाठल्यावर, पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी, स्वतंत्र देशात, कोणत्याही तपासनिसाची पेन्सिल डोक्यावर नसताना आपल्या वाहिन्यांनी रात्रभर काय सांगितले ते वर आलेच आहे.

न्यायाने हेही सांगावयास हवे की, सारेच गप्प बसले नाहीत. राजदीप सरदेसाई, म्हणजे मडगावात जन्मलेल्या क्रिकेटपटू दिलीप सरदेसाईंचे चिरंजीव, यांनी पाकिस्तानी विमाने पाडल्याचे वृत्त सिद्ध झालेले नसताना दाखविले गेले याबद्दल प्रेक्षकांची पडद्यावरूनच क्षमा मागितली. ह्या गोष्टीला पुढे एक गंमतीचे वळण लागले. ९ ऑगस्ट २०२५ रोजी वायुदलप्रमुखांनी बंगळूरला सांगितले की, त्या लढाईत आपण पाकिस्तानची पाच लढाऊ विमाने आणि एक मोठे विमान पाडले. तेव्हा आमच्या अग्रशाळेतील एक महाजन म्हणाले, “बघा, उगीच क्षमा मागितली!” आमचे मत उलट आहे. मे महिन्यात जे सांगितले गेले त्यामागे त्या घटकेस पुरावा नव्हता. ऑगस्टात अधिकारी पुरुषाने जबाबदारीने जे सांगितले ते वेगळे वाक्य आहे, जरी शब्द सारखे दिसले तरी.

महाजनांना आम्ही कौलाचे उदाहरण दिले. आपल्या देवळांत कौल घेतात तेव्हा भटजी ओल्या पाकळ्या मूर्तीला लावतात, यजमान प्रश्न सांगतो, आणि सारे थांबतात. पाकळी पडावयास कधी क्षण लागतो, कधी घटका उलटते. यजमानाच्या मुलीचे लग्न अडलेले असते, जमिनीचा दावा चाललेला असतो; त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. उजवीकडची पाकळी पडावी असे गाभाऱ्याबाहेरच्या प्रत्येकास वाटत असते. म्हणून कोणी बोटाने ती पाडली, आणि पुढे उजवीकडचाच कौल खरा ठरला, तर त्याने कौल घेतला असे आपण म्हणू काय? महाजन हसले. ‘वाहिनीवाल्यांना भटजींएवढा वेळ कोठे?’ असे म्हणून त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. पण संच त्यांनीच बंद केला, हे नमूद केले पाहिजे.

दाद मागावयाची कोठे, हा प्रश्न उरतो. प्रेस कौन्सिल आहे, पण १९७८ च्या कायद्याने तिचा अधिकार छापील पत्रांपुरता. वाहिन्यांनी आपली आपणच एक संस्था केली आहे, निवृत्त न्यायमूर्ती तिचे अध्यक्ष असतात, आणि तिच्या दंडाची मर्यादा एक लाख रुपये होती, ह्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या ऑगस्टात नापसंती दर्शविली होती. एका जाहिरातीच्या काही क्षणांत ती रक्कम भरून निघत असेल. ह्या संस्थेकडे जाण्यापूर्वी प्रथम त्या वाहिनीकडेच लेखी तक्रार करावी लागते, आणि तीही प्रक्षेपणानंतर थोडक्या दिवसांत.

आम्ही ती मुदतीत केली. वाहिनीचे नाव येथे देत नाही. एका नावाने बाकीच्यांची सुटका होईल. पत्रात कोणावर कारवाई करा, दंड करा, असे काही लिहिले नाही. कराचीचे वृत्त खरे नव्हते हे आपण कोणत्या दिवशी, किती वाजता सांगितले, एवढेच विचारले. म्हणजे तो भाग मिळवून आमच्या माईंस दाखविता येईल. उत्तर आले, हे सौजन्यच. वृत्त ‘त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीवर आधारित होते’ असे त्यात म्हटले होते, आणि आमच्या सूचनेबद्दल आभार मानले होते. दिवस व वेळ दिलेली नव्हती. आम्ही दुसरे पत्र पाठविले: तेव्हा सांगितले नसेल तर आता सांगावे, सकाळी सातच्या बातम्यांत, एका वाक्यात. माई ह्या पत्राविषयी अधूनमधून विचारतात. मुलगा गणेशचतुर्थीला घरी येऊन पुन्हा जहाजावर गेला. दुसऱ्या पत्राचे उत्तर अद्याप आलेले नाही.